डाव्या कानशिलाची साक्ष

खैरतांडा, पोहरादेवीजवळ
११ फेब्रुवारी १९७४

जमनीच्या वडिलांना,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायचा, असं मास्तरांनी सातवीत शिकवलं होतं. पण सध्या मान खाली घातली की डावं कानशील ठणकतं. तेव्हा उभ्यानेच रामराम घ्या.

मी माहेरी पोचले. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण बातमी तुमचीच आहे. मी उतरले त्या दुपारी माझ्या तांड्याने तुम्हाला मारलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा जिवंत केलं.

झालं असं. अकोल्याच्या स्टँडवर तुम्ही मला गाडीत बसवलंत, डोक्यावर केस फुटेपर्यंत आठ दिवस बापाकडे राहा म्हणालात, आणि जमनीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलंत. थंडीत लेकराचे हाल कशाला, म्हणालात. गाडी मंगरुळपीरच्या पुढे आली तशी मी पेटीतून टोपल्या काढल्या. माहेरी जाताना चांदीच्या टोपल्या मी दर वेळी गाडीतच केसांत अडकवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. उजव्या कानशिलावरची बट सापडली. डावीकडे बोटांना काही लागलंच नाही. कानाच्या वरपासून टाळूपर्यंत तळहाताएवढी जागा गुळगुळीत. आता एकाच बाजूला चांदी लोंबवत उतरायचं कसं, म्हणून दोन्ही टोपल्या रुमालात बांधल्या आणि रुमाल हातात धरून उतरले.

आपल्या बंजाऱ्यांत नवरा गेला की बाई टोपली उतरवते, हे माझ्या ध्यानातून साफ गेलं होतं. विहिरीवर बायका होत्या. त्यांनी माझं मोकळं कानशील पाहिलं, हातातला रुमाल पाहिला, आणि मला मध्ये घेऊन सगळ्यांनी गळा काढला. मला वाटलं, माझा बापच गेला. मीही रडायला लागले. मी त्यांना विचारते कधी गेला, त्या मला विचारतात कधी गेला. शेवटी माझा बाप, भाऊसिंग, डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन समोरून चालत आला, तेव्हा कुठे उलगडा झाला.

तोवर तुमचे सगळे गुण गाऊन झाले होते. एक म्हणाली, किती मऊ बोलायचा. दुसरी म्हणाली, बायकोला किती जपलं. मग मी ओढणी मागे सारून त्यांना डोकं दाखवलं. रडणं थांबलं. माणूस मेल्यावर काय बोलायचं ते ठरलेलं असतं, याला काय म्हणायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं.

जमनीला तुम्ही जऊळक्याच्या तांड्यावर तुमच्या आईकडे नेऊन ठेवलंत, असं बाजारात कळलं. तीन वर्षांची पोर माझ्या कुशीशिवाय झोपत नाही. आठ दिवसांची बोली होती, आज पाच झाले. तिला आणून सोडा.

गोमती


खैरतांडा
२५ फेब्रुवारी १९७४

जमनीच्या वडिलांना,

उत्तर म्हणून तुम्ही कागद पाठवाल असं वाटलं होतं. तुम्ही भाऊ पाठवलात. हेमसिंग आला, उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही, पाण्याला हात लावला नाही, आणि अंगणातूनच, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भाभी, भाऊ म्हणे हा महारोग हाये. पोरीले तुमच्यापाशी ठेवता येत नाही. माय म्हणे, काडीमोड करून टाका."

माझ्या बापाने हातातली काठी खाली ठेवली, म्हणून हेमसिंग धड घरी आला. त्याला सांगा, त्याने आमच्या घरचं पाणी टाळलं, आता तांडा मला पाण्यापासून टाळतो. विहिरीवर माझी घागर लांब सरकवतात. माझ्या वाट्याचं पाणी वरून ओततात. त्याच बायका, बरं का, ज्या तुमच्यासाठी रडल्या होत्या.

महारोग. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. तुमच्या आईला तुम्ही काय सांगितलंत ते मला हेमसिंगच्या तोंडून कळलं. आता काय घडलं ते मी तुम्हाला सांगते. तुम्ही तिथे होतात, पण तुम्हाला विसर पडलेला दिसतो.

लहानपणी गोऱ्ह्याने शिंग मारलं, त्याचा खड्डा माझ्या डाव्या कानशिलावर होता. लग्नाआधी तुम्ही तो पाहिला नाहीत, कारण वर टोपली लोंबत होती. लग्नानंतर तीन वर्षं आपण तांड्यावर होतो, तेव्हाही तो तुम्हाला कधी खुपला नाही. मग तुम्ही कारकून झालात. अकोल्याला खोली घेतली. कचेरीतल्या बायका घागरा-चोळीला हसतात म्हणून माझी फेटिया-कांचळी पेटीत गेली, साडी आली, टोपल्या उतरल्या. टोपल्या उतरल्या आणि खड्डा उघडा पडला. फोटो काढायला गेलो तेव्हा तो फोटोवाला मला म्हणाला, बाई, तोंड तिकडे करा, ही बाजू नको. मला काहीच वाटलं नाही. तुमचा चेहरा मात्र उतरला. तो फोटो तुम्ही आणलाही नाहीत.

मग तुम्हीच तो डॉक्टर शोधलात. मुंबईहून महिन्यातून दोनदा येणारा, लॉजच्या खोलीत बसणारा, दारावर पाटी नसलेला. भिंतीचा खळगा बुजवतात तसं आतून भरून देतो, म्हणाला. तुमच्या आईने तुम्हाला बजावलं होतं, देवाने दिलेल्या तोंडाला हात लावू नको. तरी तुम्ही मला नेलंत, आणि तिला सांगितलंच नाहीत. सुई आत गेली तेव्हा मी ओरडले, ते सुईसाठी नाही. आत जे शिरलं ते जाळत वर डोक्यात चढलं. मी हात झटकले, तर तुम्ही दोन्ही मनगटं धरून ठेवलीत आणि म्हणालात, थोडंच राहिलं आहे.

जागा आधी पांढरी पडली, मग काळीनिळी. पंधरा दिवसांनी खपली धरली आणि तिच्यासकट केस हातात आले. तुम्ही लॉजवर गेलात, तर खोलीला कुलूप होतं. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या उजव्या बाजूला झोपायला लागलात.

यात रोग कुठे आहे ते मला दाखवा. आणि माझी पोर आणून द्या.

गोमती


खैरतांडा
१७ मार्च १९७४

जमनीच्या वडिलांना,

पार्सल मिळालं. आत गंगावन निघालं. लांब, काळंभोर, माझ्या केसांपेक्षाही चांगलं. कोणाच्या डोक्यावरचं होतं देव जाणे. सोबतची चिठ्ठी मी तीनदा वाचली. एवढी मोठी चिठ्ठी तुम्ही मला लग्नानंतर पहिल्यांदाच लिहिली आहे.

तुमचं म्हणणं असं, की गंगावन डावीकडे बांधायचं आणि त्यावर टोपली अडकवायची. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी पोहरादेवीला दोन्ही तांड्यांची नसाब बसेल, म्हणजे पंचायत, तिथे डॉक्टरचा शब्दही काढायचा नाही. देवीचा कोप झाला होता, नवस बोलले, आता बरी आहे, असं सांगायचं. मग तुम्ही आईची समजूत काढणार, काडीमोड मागे घेणार, आणि मला व जमनीला अकोल्याला नेणार. शेवटी लिहिलंत, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ तुमची आणि झाकायचं माझं डोकं.

मी दोन दिवस विचार केला, हे लपवत नाही. जमनी मिळते आहे, आणखी काय पाहिजे, असं माझी आईही म्हणाली. मी गंगावन बांधूनही पाहिलं. छान दिसत होतं. पण मग मनात आलं, देवीचा कोप झाला म्हटलं की लोक विचारणार, कोप कशासाठी? बाईने काय केलं होतं? आणि जमनी मोठी झाली की तिला मागायला येणारे विचारतील, हिच्याच आईवर कोप झाला होता ना? तुमची एक गोष्ट झाकायला मी आयुष्यभर पापी व्हायचं आणि माझ्या पोरीनेही व्हायचं. नाही जमणार.

आता माझ्या वाट्याचंही सांगते, म्हणजे तुम्हाला सांगायला काही उरणार नाही. तो खड्डा बुजवावा असं मलाही वाटलं होतं. आधी नाही. पण तुम्ही रोज त्या बाजूला पाहायचं टाळायला लागलात तेव्हा वाटायला लागलं. इंजेक्शननंतर पहिले दोन दिवस सूज होती, दुखत होतं, तरी मी आरसा सोडला नाही. कानशील भरून आलं होतं. मी जमनीला कडेवर घेऊन आरशासमोर उभी राहिले आणि हसले. ती हौस माझी. तेवढी मी माझ्या पदरात घेते. हात धरण्याचं आणि महारोग म्हणण्याचं तुमच्या पदरात ठेवते.

आणि ऐका, मी वाशीमला जाऊन आले. लेकरांना देवीची लस टोचायला पंचफुला नावाची नर्स आमच्या तांड्यावर येते. बौद्ध आहे, कारंज्याकडची, एकटी एसटीने हिंडते, तोंडाची फटकळ. माझ्यापासून सगळ्या लांब बसलेल्या पाहून तिने कारण विचारलं आणि सरळ माझी ओढणी बाजूला केली. "महारोग कायचा वं," म्हणाली. "कोण्या येड्यानं सांगतलं तुले?" दुसऱ्या दिवशी स्वतःची रजा काढून ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी कातडीखाली राहिलेली गाठ दाबून पाहिली, बराच वेळ पाहिली. म्हणाले, ते औषध भलत्या नसेत शिरलं, रक्ताची वाट अडली, म्हणून मुळं सुकली. थोडे केस येतील, कदाचित येणारही नाहीत. हा रोग नाही, कोणाला लागत नाही. तसं त्यांनी लिहूनही दिलं. एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली, की त्या जागेच्या वरच्या कातडीची शुद्ध गेलेली आहे, ती यायला आणखी काही महिने लागतील. मी घरी येऊन चिमटा काढून पाहिला. खरंच, काही कळत नाही.

नसाबीला तुम्ही या. हेमसिंगला पाठवू नका. मी गंगावन बांधणार नाही आणि देवीवर आळ घालणार नाही.

गोमती


खैरतांडा
४ एप्रिल १९७४

प्रेमसिंग,

तुमचं नाव मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. परवा नसाबीत आमच्या तांड्याच्या नाईकांनी तुम्हाला नावाने दोनदा हाक मारली आणि तुम्ही जागचे हलला नाहीत, तेव्हा वाटलं, निदान मी तरी घेऊन पाहावं.

तुम्ही आलात, हे खरं. पण जत्रेच्या गर्दीत, पार मागे, नारळाच्या दुकानाशी उभे होतात. तिथून माणसांच्या पाठी दिसतात. तेव्हा पुढे काय झालं ते तुम्हाला नीट कळलं नसणार. मी सांगते.

हेमसिंगने महारोगाचं सांगितलं. मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. हरिसिंग नाईकांना वाचता येत नाही, त्यांनी तो शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतला. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, कागद काय, कोणीही लिहून देतो. मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फोटो, लॉज, सुई, तुमचे हात. बाई माणूस नसाबीत एवढं बोलली, याचाच लोकांना जास्त धक्का बसला. बोलून झाल्यावर मी ओढणी खांद्यावर टाकली आणि डावी बाजू त्यांच्याकडे केली. चारशे पुरुष असतील. वारा त्या जागी लागत असणार, पण मला तोही कळत नव्हता.

तोच म्हातारा म्हणाला, "महारोगाले सुई कळत नाही. टोचून पाहा. कळली तर बाई खरी."

त्या जागी मला काहीच कळणार नव्हतं. रोग नसताना मी रोगी ठरणार होते, आणि माझी पोर समोर तुमच्या आईच्या मांडीवर बसून मला हात दाखवत होती. नाही म्हणावं तर भ्याली म्हणणार. हो म्हणावं तर गेलीच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

कोणी पुढे यायच्या आत तुमची आई उठली. जमनीला तिने माझ्या आईच्या मांडीवर ठेवलं, काडीमोड मागणाऱ्यांची बाजू सोडून सरळ या बाजूला आली आणि म्हणाली, "सुई माह्यापाशी हाये. सरका." ती भरतकामाची सुई कांचळीला खोचूनच हिंडते, तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, झालं. हिनेच काडीमोड मागितला आहे, हीच आता टोचणार.

आधी तिने बोटांनी चाचपलं. बैलाचा खांदा सुजला की ती चाचपते ना, तसं, सावकाश, कडेकडेने. गाठीवर बोट थांबलं. माझ्या कानाशी येऊन तिने विचारलं, सुईने आत घातलेलं ते हेच का? मी म्हटलं, हो, इंजेक्शन, अकोल्याला. मान वळवून तिने मागे, नारळाच्या दुकानाकडे पाहिलं. तुम्ही तेव्हा खाली बघत होतात. मला दिसलं, म्हणजे तिलाही दिसलं.

मग तिने डाव्या तळव्याने माझे डोळे झाकले. नाईकांनी सांगितलं, मी 'आता' म्हटलं की, सुई लागली तर हो म्हणायचं, नाही लागली तर गप्प बसायचं. मी वाट पाहत होते. काहीच कळेना. आणि तिचा तळवा माझ्या डोळ्यांवर दाबला गेला.

मला वाटलं, हात हलला असेल. मी गप्प राहिले. तळवा पुन्हा दाबला गेला, या वेळी जोरात, पार डोळ्यांपुढे चांदण्या येतील इतका. मी म्हटलं, "हो."

त्यानंतर मी सहा वेळा हो म्हणाले आणि तीन वेळा गप्प बसले. एकदाही चुकले नाही. सुई मला एकदाही कळली नाही.

शेवटी तिने हात काढला, सुई कांचळीला खोचली आणि पंचांना सांगितलं, "कळते हिले. रोगबीग काही नाही. पोर इची." नाईकांनी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं आणि मग तुम्हाला हाक मारली, तुम्हाला काही म्हणायचं आहे का म्हणून. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पुढचं काही नाहीच.

तुमची आई माझ्याशी त्यानंतर एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. जमनीचे दोन परकर आणि तिचं खेळणं पिशवीत घालून आणलं होतं, ती पिशवी माझ्या बापाच्या पायाशी ठेवली आणि हेमसिंगच्या बैलगाडीत जाऊन बसली. पोर घेऊन जायला आलेली बाई पोरीचे परकर बांधून का आणेल, याचा मी दोन दिवस विचार करते आहे. तुम्हीही करा.

तांड्यातल्या बायका आता माझी घागर सरकवत नाहीत. मी डोकं उघडं ठेवूनच पाण्याला जाते. उजव्या बाजूला टोपली घातली आहे, डावीकडे काही नाही. एकीने विचारलं, हे काय, अर्धी सवाष्ण? मी म्हटलं, जेवढा नवरा आहे तेवढी टोपली. गंगावन परत पाठवते आहे, जपून ठेवा, महागाचं आहे.

अकोल्याला मी येणार नाही. पंचफुलाबाई म्हणते, मानोऱ्याच्या दवाखान्यात दाईच्या शिक्षणाला बायका हव्या आहेत, सातवी पास चालेल. मी अर्ज लिहिला आहे. जमनीला तुम्ही भेटायला येऊ शकता. दिवसा या, आणि आधी आमच्या नाईकांच्या ओट्यावर उभं राहून तुम्ही मला कुठे नेलं होतं ते सांगा. मगच घरात या.

आता राहिलं एक. सुई मला कळली नव्हती, हे मी तुम्हाला माझ्या हाताने, शाईने, तारीख घालून लिहून दिलं आहे. तुम्ही मला सगळं झाकायला सांगितलं होतंत, म्हणून मी एवढंसुद्धा झाकलं नाही. हा कागद घेऊन तुम्ही उद्या नसाब बोलवू शकता. निकाल फिरेल, पोरही मिळेल. फक्त त्यासाठी तुम्हाला चार माणसांत पुढे यावं लागेल, आणि तुमच्या आईकडे बघून म्हणावं लागेल, की ती खोटं बोलली.

म्हणून पाहा.

गोमती